मराठवाड्यात योजना आखडल्या तेव्हा गाव काय म्हणालं? (अनुभव धागा)

केशरी कार्डावरच्या शेतकरी कुटुंबांना आपल्याकडं २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य मिळायचं. गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये किलो. २०२२ मध्ये ते थांबलं. २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये खात्यावर, पुढं १७०. मग एक रुपयातला पीक विमा गेला, लाडक्या बहिणींची छाननी झाली. दर वेळी 'बरं झालं, फुकटचं बंद झालं' म्हणणारे गावातच भेटले, आणि तेही कुठल्या ना कुठल्या यादीत असलेले. मला याचा त्रास होतो. तुमच्याकडं काय ऐकलं, लिहा.

औसा तालुका:
कंट्रोलचं धान्य थेट चुलीपर्यंत पोचायचं. पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत, मग एकदम येतात आणि किराण्याच्या उधारीत जातात. माझ्या जाऊबाईंना मात्र पैसेच बरे वाटतात. खातं त्यांच्या नावावर आहे, नवऱ्याला मागावं लागत नाही. हेही खरंच आहे.

जिंतूरकडचा:
निराधार योजनेच्या महिन्याच्या पगाराला वर्षाला २१ हजार उत्पन्नाची अट. रोजानं जाणारं कुठलं घर यात बसतं? शेजारच्या म्हातारीचं नाव कटलं, कारण लेक पुण्यात कंपनीत आहे. तो वर्षानुवर्षं फिरकलेला नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. तरी पारावर 'लेक कमावता असताना हिला कशाला?' हेच. बोलणाऱ्यांच्या खात्यावर दर चार महिन्यांनी पीएम किसानचे २ हजार येतात. निराधारच्या महिना दीड हजारात म्हातारीची बीपीची गोळी, चहा-साखर, दळण निघायचं. आता माझी आई भाकरी नेऊन देते, पण ती घ्यायला लाजते.

अंबड:
लाडकी बहीणच्या केवायसीला नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागत होते. माझ्या बहिणीला नवऱ्यानं टाकलेलं, वडील वारलेले. गाडीवाल्या बायका गाळल्या ते बरोबर, असं तीही म्हणते. हप्ता मात्र तिचा थांबला.

शेतकरी, बीड जिल्हा:
एक रुपयाचा विमा बंद केला ते मला पटलं. आमच्याच जिल्ह्यात सरकारी जमिनीवर बोगस विमे भरले गेले. खरिपाला २ टक्के हप्ता भरायला माझी ना नाही. पण २०२५ ला त्यासोबत स्थानिक आपत्तीची भरपाईही काढली, नुसता पीक कापणी प्रयोग ठेवला, म्हणजे महसूल मंडळातल्या काही शेतांतलं पीक कापून सरासरी काढायची. सप्टेंबरात सिंदफणेच्या पुरात माझं सोयाबीन गेलं, मातीही खरवडून गेली. अख्ख्या मंडळाच्या सरासरीत माझं नदीकाठचं रान कुठं दिसणार?