चर्चा: कांदा अडवून बांगलादेशशी मैत्री टिकते का?

सीमोल्लंघन
बांगलादेशचा विषय निघाला की आपण १९७१ पासून सुरुवात करतो, दोन्ही देशांची राष्ट्रगीतं रवींद्रनाथांची इथवर पोचतो आणि तिथेच थांबतो. भाषणापुरतं ते छान आहे. पण ढाक्याच्या बाजारातल्या माणसाला भारत भेटतो तो कांदा, सूत आणि विजेच्या रूपात. त्यातल्या कांद्यापुरतं तरी आपण भरवशाचे शेजारी नाही, असं माझं ठाम मत आहे.

२९ सप्टेंबर २०१९ ला आपण निर्यातबंदी लावली. त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांच्या सभेत त्या चक्क हिंदीत बोलल्या: स्वयंपाक्याला बिनकांद्याचं जेवण करायला सांगितलंय, यापुढे जरा आधी कळवत जा. लोक हसले. वर्षही उलटलं नव्हतं, तोच १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा तेच! सीमेवर कांद्याच्या गाड्या जागच्या जागी उभ्या. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात पूर्ण बंदी. ती ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. शुल्क पुरतं गेलं ते १ एप्रिल २०२५ ला.

या सगळ्या बंद्या आल्या त्या हसीना सत्तेवर असताना. म्हणजे ढाक्यात आपल्याला सर्वांत अनुकूल सरकार असताना. त्यांनी तुर्कस्तान, इजिप्त, चीन, अगदी पाकिस्तानातूनही कांदा मागवला आणि घरची लागवड वाढवायला घेतली. आपण दुसऱ्याला गिऱ्हाईक तोडून दिलं, तेही फुकट.

ताळेबंद
धागा वाचून असं वाटतं की बंदी कुणीतरी लहर आली म्हणून लावली. पावसाने खरीप कांदा गेला की भाव कुठे जातात हे माहीत आहे ना? १९९८ ला दिल्ली राज्यातली भाजपची सत्ता गेली त्यात कांद्याचा वाटा होता, हे कुठलाही पक्ष विसरलेला नाही. आधी घरचं ताट, मग शेजारधर्म. यात शरमेचं काय?

आणि भरवशाचं म्हणाल तर ढाक्याचा हिशोबही मांडा. हिलसा माशाच्या निर्यातीवर त्यांनी २०१२ पासून बंदी ठेवली आहे, दुर्गापूजेपुरती ढील. २०२४ मध्ये आधी नाही म्हणाले, मग ३००० टनांना परवानगी दिली. विदर्भाच्या संत्र्यावर आयात शुल्क कसं चढवत नेलं ते वरूड-मोर्शीत विचारा. त्यांचा कांदा शेतातून निघाला की आयातीचे परवानेही थांबतात. ते त्यांच्या शेतकऱ्याचं बघतात, आपण आपल्या ग्राहकाचं. हिशोब बरोबर.

सीमोल्लंघन
@ताळेबंद, हिलसा नाही मिळाला तर कोलकात्यात हळहळ होते, भाजीला फोडणी देणं थांबत नाही. आणि तुमच्याच वाक्यात उत्तर आहे: ते शेतकऱ्याचं बघतात!

व्यापाराचा पल्लाही बघा. २०२३-२४ मध्ये आपण त्यांना सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल विकला, घेतला दोन अब्जांच्याही आतला. एवढा मोठा विक्रेता रात्रीतून दुकान बंद करत नाही. भाव चढायला लागले की शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवा, महिनाभराची मुदत द्या, निघालेला माल जाऊ द्या. मी याहून जास्त काही मागत नाहीये.

नकाशावाला
दोघेही कांद्यात अडकलात. संबंध ठरतात राजकारणावर, बाजार मागून येतो. २०१५ मध्ये सीमाभागातल्या वेढलेल्या वस्त्यांची अदलाबदल झाली, १११ आपल्या आणि ५१ त्यांच्या. १९७४ च्या कराराचं भिजत घोंगडं एकदाचं निघालं, कारण दोन्हीकडे राजकीय इच्छा होती. तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार २०११ मध्ये अडला, कारण कोलकाता, म्हणजे पश्चिम बंगालचं सरकार, राजी नव्हतं. यात कांदा कुठे आला?

५ ऑगस्ट २०२४ नंतरचं बघा. सत्ता गेली आणि हसीना भारतात आल्या. मार्च २०२५ मध्ये तिथल्या हंगामी सरकारचे तेव्हाचे प्रमुख युनूस चीनमध्ये जाऊन भारताच्या ईशान्येला समुद्र नाही आणि त्या भागासाठी समुद्राचा राखणदार बांगलादेशच, असं बोलून आले. एप्रिलमध्ये आपण त्यांचा माल आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशात जाऊ देण्याची सवलत काढली. त्यांनी खुष्कीच्या मार्गाने येणारं आपलं सूत थांबवलं. मे महिन्यात आपण म्हटलं, तुमचे तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून आणा. हसीनांना हवा तेवढा कांदा दिला असता तरी यातलं काही टळलं नसतं.

सीमोल्लंघन
टळलं असतं असा दावा मी केलेलाच नाही. पण राजकारण बिघडल्यावरही पुरवठा चालू ठेवता येतो, आणि ते आपणच करून दाखवलंय. मालदीवमध्ये मुइझ्झू ‘इंडिया आउट’ म्हणत निवडून आले. तरी एप्रिल २०२४ मध्ये, इथे कांद्यावर बंदी असताना, आपण मालदीवला ३५,७४९ टन कांदा मंजूर केला. १९८१ च्या व्यापार कराराखाली त्यांचा कोटा ठरतो आणि बंदी असली तरी तो चालतो. बांगलादेशनेही डिसेंबर २०२२ मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा असा वार्षिक कोटा मागितला होता.

ताळेबंद
मालदीवची लोकसंख्या पाच-साडेपाच लाख, बांगलादेशची सतरा कोटी! पहिल्याला कोटा देणं म्हणजे पाहुण्याला वाढणं, दुसऱ्याला देणं म्हणजे पंगत उठवणं. टंचाईच्या वर्षी लेखी वचन पाळायचं तर नाशिकचा माल दिल्ली-पाटण्याकडून काढून घ्यावा लागेल. कुठला मंत्री सही करेल?

सीमोल्लंघन
सगळी गरज भागवा असं कोण म्हणतंय? मार्च २०२४ मध्ये बंदी असतानाच बांगलादेशला ५० हजार टन द्यायचं ठरलंच ना? तेवढाच आकडा दरवर्षी आधी लिहून ठेवा. ढाक्याला टाचा घासायला लावून मग तोच कांदा द्यायचा, यात आपण काय कमावलं?

चाळकरी
सगळं वाचलं. त्या ५० हजार टनांचं मी सांगतो, मंडळी. तो व्यवहार सरकार ते सरकार, खरेदी एनसीईएल या निर्यात सहकारी संस्थेमार्फत. ढाक्यात काय भाव लागला त्याच्याशी लासलगावच्या लिलावात उभ्या ट्रॅक्टरचा काही संबंध नाही. डिसेंबर २०२३ ला बंदी आली तेव्हा चांदवडला मुंबई-आग्रा रस्ता आम्ही उगाच अडवला नव्हता. उन्हाळी कांदा चाळीत ठेवला तरी सडतो, वजन घटतं, त्याला दिल्लीची बैठक होईपर्यंत दम निघत नाही.

@ताळेबंद, ‘आपल्या ग्राहकाचं’ बघताना ते पैसे कुणाच्या खिशातून गेले तेही ताळेबंदात धरा. आणि @सीमोल्लंघन, तुमचा कोटा चांगला आहे, पण खरेदी कुणी आणि काय भावाने करायची हे त्यात नसेल तर आमच्यासाठी ती बंदीच, फक्त नाव गोड.

सीमोल्लंघन
@चाळकरी, मग खरेदी खुल्या लिलावातूनच, कोटा फक्त सीमेपलीकडे जाणाऱ्या टनांचा. चालेल?

चाळकरी
लेखी असेल तर चालेल. आधी कोटा जाहीर करा, मग आम्ही लागवड किती करायची ते ठरवतो.

ताळेबंद
आणि भाव शंभरावर गेला की हाच धागा परत वर काढतो.