गिरनार रात्री चढताना मागे राहिलेल्यासाठी थांबायचं की नाही?

दांडियाबाजारकर
गेल्या पौर्णिमेला आम्ही बडोद्याहून अकरा जण गिरनारला गेलो. शाळेपासूनचे मित्र, आता सगळे पंचेचाळिशीच्या पुढे. रात्री साडेअकराला भवनाथच्या तळेटीत पहिल्या पायरीला हात लावून "जय गिरनारी" म्हटलं आणि निघालो. सूर्योदयाला दत्तशिखरावर पादुकांशी पोहोचायचं ठरलं होतं. हजार पायऱ्यांतच गट फुटला. चार जण पुढे, पाच जण मधे, आणि आमचा एक मित्र मागे. त्याच्याबरोबर मी होतो. "तू हो पुढे, मी येतो" असं तो दोनदा म्हणाला आणि मी झालो पुढे.

वाटेतल्या अंबाजीच्या मंदिरापाशी पोहोचल्यावर मोजणी केली तर तो नाही. फोन बंद. वाटलं, येईल. तासभर गेला. मग आम्ही दोघं खाली उतरलो. जैन मंदिरांच्या बरंच खाली तो एका कठड्याला टेकून बसला होता, घामाने भिजलेला, बोलणं अडखळत होतं. नाशिककडचं एक कुटुंब त्याच्याजवळ थांबलं होतं. त्यांनी त्याला राजगिऱ्याचा लाडू भरवला होता. त्याला डायबिटीस आहे, हे आम्हा दहाही जणांना माहीत होतं. अनोळखी माणसं थांबली, आम्ही थांबलो नाही.

माझं मत आता पक्कं आहे. गटाने चढायचं तर सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या गतीने चढायचं. सूर्योदय चुकला तरी चालेल. हे जमत नसेल तर गट करून जाऊच नये.

पायरीवाला
तुमच्या मित्राचं वाचून वाईट वाटलं, पण नियम चुकीचा काढताय. मी अकरा वेळा रात्री चढलोय. पायऱ्यांवर प्रत्येकाच्या श्वासाची एक लय असते. ती मोडून दर शंभर पायऱ्यांना थांबलात की घाम गार होतो, वर वारा असतो, पोटऱ्या आखडतात. वेगाने चालणाऱ्याला हळू चालवणं हीसुद्धा शिक्षाच आहे. जुनागढला दरवर्षी गिरनार आरोहण-अवरोहण स्पर्धा होते, त्यात मुलं अंबाजीपर्यंतच्या साडेपाच हजार पायऱ्या चढून उतरतात आणि मुली माळी परबपर्यंतच्या २,२००. तिथली पोरं तासाभराच्या हिशोबाने धावतात. शरीराशरीरात एवढा फरक असतो.

वाट एकच आहे, चुकायला जागा नाही, पायऱ्यांवर आकडे रंगवलेले आहेत. भेटायच्या जागा ठरवा: माळी परब, जैन मंदिरं, अंबाजी. तिथे सगळे जमल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. मधल्या टप्प्यात ज्याने त्याने आपल्या पायांनी चालावं.

नवापुऱ्याची लेक
@पायरीवाला, भेटायच्या जागा आमच्याही ठरल्या होत्या. कागदावर छान दिसतं. आम्ही तिघी मागे होतो, पुरुषमंडळी पुढे. पाण्याच्या बाटल्या जड म्हणून त्यांनीच घेतल्या होत्या, प्रेमाने घेतल्या होत्या. मग पाणीही त्यांच्याबरोबर पुढे गेलं. बॅटरी दोन, दोन्ही पुढे. आम्ही मोबाईलच्या उजेडात पायऱ्या चाचपत गेलो आणि एका बंद दुकानाच्या फळीवर बसलो. तहान लागली होती त्याहून जास्त राग आला होता. जैन मंदिरांपाशी पोहोचलो तेव्हा ते ताजेतवाने होऊन उभे. आम्ही पोहोचलो की लगेच "चला". म्हणजे ज्यांना विसाव्याची खरी गरज, त्यांनाच विसावा नाही. भेटायची जागा ठरवणाऱ्यांनी एवढं तरी करावं: शेवटचा माणूस आला की घड्याळ तिथून लावायचं.

कोठीवरून
मला मूळ मुद्दाच पटत नाही. रात्री जायचंच कशाला? गिरनार २००८ पासून अभयारण्य आहे. तिथे सिंह आहेत, बिबटे आहेत. रात्र ही त्यांची वेळ. आपण शेकडोंनी जायचं, मोबाईलवर भजनं मोठ्याने लावायची, बाटल्या आणि वेफरची पाकिटं कड्यावरून भिरकावायची. श्रद्धा असेल तर पहाटे निघा, दुपारपर्यंत पोहोचा. आणि २०२० पासून अंबाजीपर्यंत रोपवे आहे. ज्याचे गुडघे साथ देत नाहीत त्याने सकाळी त्यातून वर यावं, पुढच्या पायऱ्या सगळ्यांनी मिळून चढाव्या. मागे कुणी राहणारच नाही.

मांजलपूरकर
@कोठीवरून, कचऱ्याबद्दल शंभर टक्के. पण सौराष्ट्रातलं ऊन तुम्ही पाहिलंय ना? फाल्गुनानंतर दहा वाजताच दगड तापतो. माझे आजोबा रात्रीच जायचे, ते ऊन टाळायला. आणि रोपवे वारा सुटला की बंद राहतो, त्याच्या भरवशावर कुणाला खाली ठेवणं बरोबर नाही.

वॉर्डातली
मी नर्स आहे, म्हणून एवढंच लिहिते. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाने रात्री लवकर जेवून पाच-सहा तास चढण केली तर साखर झपाट्याने उतरू शकते. लक्षणं कोणती? घाम, थरथर, धडधड, अशक्तपणा. चढताना हे सगळं प्रत्येकालाच होतं, म्हणून त्याला स्वतःलाही कळत नाही. पुढे गोंधळायला होतं, जीभ जड होते, आणि तेव्हा "मला मदत हवी" हे सुचतच नाही. त्यामुळे फोन चालू असता तरी त्याने लावला असता याची खात्री नाही. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची किंवा ग्लुकोज पावडर, पंधरा मिनिटांनी साखर परत तपासायची, तरीही कमी असेल तर पुन्हा द्यायची. नाशिककरांनी लाडू दिला ते देवासारखे धावले, पण साखरेचं पाणी लवकर लागू पडतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

अशा माणसाबरोबर सतत कुणीतरी हवंच. गती कोणाची, हा वाद त्याच्यानंतर.

पायरीवाला
@वॉर्डातली, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे भेटायच्या जागा पुरेशा नाहीत, हे मान्य. माळी परब ते जैन मंदिरं एवढ्या अंतरात काहीही होऊ शकतं.

पण अकराच्या अकरांनी एकाच गतीने चालावं, हे अजूनही मानत नाही. मी पहिल्यांदा गेलो ते आईच्या नवसासाठी. ती अंथरुणाला होती. उगवत्या सूर्याबरोबर पादुकांवर डोकं ठेवायचं, असं तिने सांगितलं होतं. गोरक्षनाथांच्या शिखरानंतर पायऱ्या उतरतात आणि मग दत्तशिखराची उभी चढण लागते, तिथे माझ्या गटाने "थांब, सगळे मिळून जाऊ" म्हटलं. मी थांबलो नाही. पोहोचलो तेव्हा पूर्व नुकती तांबूस झाली होती. आई पुढच्या महिन्यात गेली. त्या दिवशी थांबलो असतो तर मी त्या मित्रांना माफ केलं नसतं. प्रत्येकाचं वर जाण्याचं कारण वेगळं असतं, दांडियाबाजारकर. जोड्या करा, आणि त्या मैत्रीवरून करू नका, चालीवरून करा. हळू चालणाऱ्याला हळू चालणाराच जोडीदार द्या, म्हणजे कुणी कुणावर उपकार करत नाही.

दांडियाबाजारकर
तुमच्या आईंचं वाचून काही वेळ लिहू शकलो नाही. चालीवरून जोड्या, हे पटलं. पण चाल तळेटीत कळत नाही, तिथे सगळेच उत्साहात असतात. म्हणून दिवाळीआधी पावागडला जायचं ठरवतोय. बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी घरी. चांपानेरहून माचीपर्यंत गाडीने न जाता पायी, आणि वर कालिकामातेपर्यंत रोपवे न घेता पायऱ्यांनी. कोण कुठे बसतं, कोण किती पाणी पितं, सगळं दिसेल. शेवटी मी चालणार.

फत्तेगंज
मागे राहिलेला तो मीच. धागा मला आज दाखवला.

दोन गोष्टी. "तू हो पुढे" हे मी खरंच म्हणालो होतो, आणि मनापासून म्हणालो होतो. माझ्यामुळे दहा जणांचा सूर्योदय जावा, हे मला सहन होत नव्हतं. त्यामुळे पुढच्या वेळी "बरं वाटतंय ना?" असं विचारू नका. मी हो म्हणणार. न विचारता शेजारी बसा, माझ्याच पुडीतले शेंगदाणे खा.

दुसरं म्हणजे शेवटी चालायचं काम दांडियाबाजारकराकडे नको. तो वर्षभर हळहळत माझ्याकडे मागे वळून बघत राहील, आणि मला ते चालण्यापेक्षा जड जाईल. पावागडला मी येतोय. मी सगळ्यांत पुढे चालणार, माझ्या मागे बाकीचे. साखरेची पुडी आणि पाणी माझ्याच पिशवीत राहील. ज्याला सूर्याची घाई असेल त्याने मला ओलांडून जावं, पण जोडीदाराला घेऊन.