मदत हवी आहे: युनिक्स पसरलं ते सी भाषेमुळे की खटल्यातल्या तडजोडीमुळे?

नमस्कार मंडळी,

मी बारावीला संगणकशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीची, गोष्ट नेहमीसारखीच सांगितली. १९६९मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेनं मल्टिक्स या अशाच एका प्रणालीच्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं, तिथल्या केन थॉम्प्सननं पीडीपी-७ नावाच्या एका जुन्या संगणकावर नवी प्रणाली उभी केली, १९७३मध्ये ती सी भाषेत पुन्हा लिहिली गेली, त्यामुळे कुठल्याही यंत्रावर नेता येऊ लागली आणि म्हणून जगभर गेली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, इतकी चांगली वस्तू कंपनीनं विकली का नाही? कॉलेजांना जवळजवळ फुकट का दिली?"

संशोधकांचा मोठेपणा, असं मी सांगून टाकलं. ते चुकलं, हे घरी वाचायला बसल्यावर कळलं. बेल लॅब्ज ज्या एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीची, तिच्यावर १९५६पासून बंधन होतं: मक्तेदारीच्या खटल्यातल्या तडजोडीनुसार टेलिफोन-दळणवळणाबाहेरच्या धंद्यात उतरायचं नाही. त्यामुळे मागतील त्या विद्यापीठांना नाममात्र शुल्कात परवाना आणि सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ लिखाणाची, टेप मिळे. पुढे काही बिघडलं तर ज्याचं त्यानं निस्तरायचं.

आता माझी खरी अडचण. सालं लावून बघितली तर सी भाषेचं कारण मला पटेनासं झालंय. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात टेप पोचली १९७४मध्ये. तेव्हा युनिक्स चालायचं ते पीडीपी-११ या संगणकांवर, आणि ती यंत्रं पुष्कळ विद्यापीठांकडे आधीच होती. वेगळ्या जातीच्या यंत्रावर, म्हणजे इंटरडेटावर, युनिक्स नेलं गेलं ते १९७७च्या सुमारास. म्हणजे पसरणं आधी आणि यंत्रबदल नंतर! मग सुरुवातीच्या त्या वर्षांत सीचा उपयोग वाचण्यासाठी झाला असावा. असेंब्लीपेक्षा, म्हणजे एकेका यंत्राच्या सूचनांना बांधलेल्या भाषेपेक्षा, सीमधला कोड विद्यार्थ्याला वाचता येतो, बदलता येतो. सिडनीत प्राध्यापक जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कोड ओळीओळीनं समजावून वर्गात शिकवला, तो याच जोरावर. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानं वर्गात कोड शिकवायला बंदी केली. त्यातूनच टॅननबॉम या प्राध्यापकांनी १९८७मध्ये शिकवण्यासाठी युनिक्ससारखी छोटी प्रणाली, मिनिक्स, लिहिली, आणि मिनिक्स वापरणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१मध्ये लिनक्स.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, माझ्या या मांडणीत कुठे खोट आहे का? सीमुळे युनिक्स पसरलं, या पाठ्यपुस्तकातल्या वाक्याच्या विरुद्ध मुलांना सांगायचं तर मला पक्की खात्री हवी. दोन, तुमच्यापैकी कुणी ऐंशीच्या दशकात आपल्याकडे युनिक्सवर काम केलं असेल, तर तेव्हा सोर्स कोड हाती यायचा की नुसती चालती प्रत? कोड वाचून शिकलेल्या कुणाचा अनुभव मिळाला तर तो मला वर्गात वाचून दाखवायचाय.

शुक्रवारी त्याच वर्गावर तास आहे. त्या मुलीला बरोबर उत्तर द्यायचं आहे, तोवर काही कळवलंत तर फार बरं होईल.