मदत हवी आहे: कूलर चालू तरी खोलीत घुसमटते, चार रात्री झोप नाही

आर्णीचा_कास्तकार (रात्री १.५२)
नमस्कार मंडळी. रात्रीचे दोन वाजत आले अन् मी सपरीत मोबाईल घेऊन बसलो. चार रात्री झाल्या, घरात कोनाच्याच डोळ्याले डोळा नाही. मोठा लोखंडी कूलर हाय, मोटर चालू हाय, पानी रोज भरतो, गवत याच उन्हाळ्यात नवीन टाकलं, तरी खोलीत गेलं का भाताच्या गंजावरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येते. अंग चिकट, गादी ओलसर, भिंतीले हात लावला तं भिंत दमट. बायको रात्रभर पदरानं वारा घालत बसते. मोटर बदलून पाहिली, काही फरक नाही. आता कूलर बदलू का गवत बदलू का अजून काही करू? सकाळी पाचले वखर घेऊन निघा लागते. लवकर सांगा, डोकं काम नाही करून राहिलं.

पुण्यातला_वऱ्हाडी (सकाळी ७.१०)
भाऊ सरळ दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घ्या, हप्त्यावर मिळतो. आम्ही यवतमाळच्या घरी आईबाबांसाठी लावला, तेव्हापासून दोघंही शांत झोपतात. कूलरचा जमाना गेला आता.

वायरमन_भाऊ (सकाळी ७.४५)
एसीचं नंतर पाहू, गावात रात्रीचं व्होल्टेज कुठं टिकते. पहिले हे सांगा: कूलर खिडकीत बसवला हाय का खोलीच्या आत ठेवला? दुसऱ्या बाजूचं खिडकी-दार उघडं राहते का? छत टिनाचं, कवेलूचं का स्लॅबचं? हे सांगितल्याशिवाय कोनी काही सांगू शकत नाही. तुम्ही जी वाफ म्हणता ना, ती कूलरचीच हाय असं मले वाटते.

दर्यापूर_खारपाण (सकाळी ८.०२)
पानी कोणतं वापरता? आमच्या इकडं बोअरचं पानी खारं, पंधरा दिवसांत गवतावर पांढरा थर बसते अन् हवाच येत नाही. मी आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करतो, गवत गोड्या पान्यानं धुतो. टाकीत नुसतं वरून वरून पानी टाकत गेलं तं मीठ वाढतच जाते, कारण पानी उडते अन् मीठ खाली राहते. पानी बदला, बाकी सगळं नंतर.

आर्णीचा_कास्तकार (सकाळी ११.३०)
पानी गोडं हाय, नळाचं. घर स्लॅबचं, दोन वर्षं झाली. कूलर खोलीतच हाय, कोपऱ्यात. खिडकी बंद असते, दारही लोटून घेतो. खिडकी उघडता येत नाही.

वायरमन_भाऊ
मग झालं ना, इथंच गोम हाय. कूलर काही गारवा तयार करत नाही, तो कोरड्या हवेत पानी उडवते अन् पानी उडताना हवेतली उष्णता ओढून घेते. एक लिटर पानी उडालं तं पाऊण युनिटाच्या थोडं खाली एवढी उष्णता ओढल्या जाते, फुकटचं काम हाय ते. पण त्याले बाहेरची कोरडी हवा पाहिजे अन् ओली झालेली हवा बाहेर जाले वाट पाहिजे. तुम्ही बंद खोलीत तीच ती हवा फिरवून राहिले, अर्ध्या तासात ती पान्यानं भरते, मग पानी उडत नाही, घामही सुकत नाही. तुम्ही जितका कूलर चालवान तितकं जास्त घुसमटन. खिडकी काऊन उघडता येत नाही?

झाडीपट्टीवाला
याला कारण स्लॅब आहे. आमचं आजोबांचं मातीच्या भिंतीचं, कवेलूचं घर होतं, भर मे महिन्यात दुपारी आत पांघरूण लागायचं. आता सगळ्यांनी सिमेंटची भट्टी बांधली. कवेलूच्या फटीतून गरम हवा वर निघून जायची, एवढं साधं आहे.

कास्तकार७७
पांघरूण वगैरे काही लागत नव्हतं हो, कवेलू दरवर्षी चाळा लागत, पावसात गळत, माकडं फोडत. अन् टिनाचं विचाराल तं दिवसा चुल्ह्यावर बसल्यासारखं, पण रात्री दहानंतर टिन लवकर थंड होते. स्लॅबचं उलटं. दिवसभर ऊन पिते अन् रात्री अंगावर सोडते. म्हणून भाऊ तुम्ही स्लॅबवर चुना मारा. झाडून घ्या, विरलेल्या चुन्यात थोडं फेविकॉल टाका, दोन हात मारा. आमच्या इकडं दोन घरांनी केलं, आतून छताले हात लावला तं फरक समजते. अन् तोवर अंगणात बाज टाकून झोपा. आमचा बाप सत्तर वर्षं अंगणात झोपला, कधी कूलर पाह्यला नाही.

हवामानप्रेमी_नागपूर
पूर्वीची रात्र आणि आताची रात्र यांची तुलना करू नका. हवामान खात्याच्या हिशेबात, कमाल तापमान ४० च्या वर असताना किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त राहिलं तर तिला उष्ण रात्र म्हणतात. दुपारचा आकडा सगळे बघतात, रात्रीचा कोणी बघत नाही, आणि शरीर थकतं ते रात्री न निवल्यामुळे. नागपूरला २३ मे २०१३ ला ४७.९ झालं होतं, तो दिवस मी विसरलो नाही, पण त्याहून जास्त मला त्या आठवड्यातल्या रात्री आठवतात.

दर्यापूर_खारपाण
अंगणात झोपा म्हणणाऱ्यांनी मण्यारचं पण सांगा. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसालेच ती जास्त चावते, चावलेलं समजतही नाही, सकाळी डोळे उघडत नाही, बोलता येत नाही. आमच्या शिवारात झालं हाय. बाज पाहिजेच अन् मच्छरदानी गादीखाली चारी बाजूनं खोचलेली पाहिजे. खाली वाकळ टाकून झोपू नका.

मायबाई_५
तळपायाला खोबरेल तेल लावून काशाच्या वाटीनं घासा, पाच मिनिटांत डोळा लागतो. मी रोज करते. रात्री पोळी बंद करा, ज्वारीची आंबील आणि ताक घ्या, पोटात गार वाटतं.

आर्णीचा_कास्तकार (दुपारी २.१५)
अंगणात झोपता येत नाही. ती बाळंतीण हाय न. आज सव्विसावा दिवस. माय म्हणते सव्वा महिना होईस्तोवर खिडकी उघडायची नाही, बाळाले हवा लागते. म्हणून तं बंद हाय. बाळ रात्रभर रडते, मानेवर अन् पाठीवर लाल घामोळ्या आल्या. त्यात संध्याकाळी शेगडीचा शेक असते, तेव्हा तं आत उभं राहता येत नाही. चुना मारतो उद्या.

वायरमन_भाऊ
अरे बाप्पा, हे पहिल्याच मेसेजमध्ये सांगा लागत होतं.

गावची_आशा
दादा, मी आशा आहे, बारा वर्षं झाली. बाकीच्यांचं थोडं बाजूला ठेवा आणि आधी माझं ऐका. शेगडी कशाची आहे? कोळशाची का गोवऱ्यांची? दार-खिडकी लावून शेक देता का? शेक झाल्यावर निखारे बाहेर काढता की तिथेच राहतात?
बाळाचं वजन किती, अंगावर दूध नीट ओढतंय का, आणि दिवसातून किती वेळा शी-शू करतं? अंग तापलेलं वाटतं का? हे आज संध्याकाळपर्यंत कळवा.

आर्णीचा_कास्तकार (दुपारी ४.०५)
ताई, कोळशाची. दार लावूनच देते माय, शेगडी बाजेखालीच राहते थोडा वेळ, विझेपर्यंत. ती तं सगळ्यांच्याच घरी असते ना, म्हणून सांगितलं नाही. वजन जन्माच्या वेळी २ किलो ८०० होतं. दूध पिते, पण पिता पिता दमल्यासारखं करते. शू दिवसातून पाच-सहा वेळा. अंग गरम लागते, पण सगळंच गरम लागून राहिलं. बायकोचं डोकं दुखते रोज संध्याकाळी, मले वाटलं झोप नाही म्हणून.

गावची_आशा
दादा, शेगडी आजपासून बंद, आजच. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नाही, धूर दिसत नाही, आधी डोकं दुखतं, मळमळ होते आणि मग माणूस झोपेतच जातो. वहिनीचं डोकं संध्याकाळीच दुखतं, ते त्यामुळेही असू शकतं. आईंना वाईट वाटेल, त्यांनी स्वतःची बाळंतपणं अशीच काढली, पण ती मातीच्या घरात आणि वरच्या कवेलूतून धूर निघत होता. तुमचं स्लॅबचं घर डब्यासारखं बंद आहे. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीनं कमरेला द्या, वहिनीलाच, आणि तेही तिला नको वाटलं तर नाही.

तुमच्या गावच्या आशाताईला आज बोलवा, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ती घरी येतेच, तुमचा अठ्ठावीसावा परवा आहे पण तेवढं थांबू नका. तिच्याकडे थर्मामीटर असतो. बाळाचे कपडे सैल करून, गार जागी नेऊनसुद्धा काखेतलं तापमान ३७.५ च्या वर राहिलं, किंवा दूध ओढणं कमी झालं, सुस्त पडलं, तर वाट न बघता दवाखाना. गाडी नसेल तर १०८.

मायबाई_५
बाळाला चमच्यानं उकळून गार केलेलं पाणी द्या हो, घशाला कोरड पडत असेल. आमच्याकडे साखरपाणी द्यायचे.

गावची_आशा
ताई, तुमची माया कळते, पण पाणी नाही द्यायचं. सहा महिने फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातसुद्धा. दुधात पाणी असतंच. इवलंसं पोट पाण्यानं भरलं तर दूध कमी जातं, आणि पाण्यातून जुलाब लागले तर या वयात फार वाईट होतं. जास्त वेळा पाजायचं, एवढंच. पाणी प्यायचं ते आईनं, आणि भरपूर. दादा, वहिनीला घरात पाणी मोजून देतात का?

आर्णीचा_कास्तकार (सायंकाळी ६.२०)
हो ताई. माय म्हणते बाळंतिणीनं जास्त पानी पेलं तं पोट सुटते. दोन-तीन गिलासच.

गावची_आशा
या गरमीत दोन-तीन गिलास, वरून अंगावरचं बाळ. दर वेळी पाजायला बसली की एक मोठा गिलास तिच्या हाताशी ठेवा, तुम्ही स्वतः ठेवा, दुसऱ्या कोणावर सोडू नका. आईंशी भांडू नका, पण हे काम तुमचंच आहे.

कास्तकार७७
ताई, पण कूलरची हवा बाळाले सोसन का? आमच्याकडं सर्दी होते म्हणतात.

गावची_आशा
झोत थेट अंगावर नको, तुषार नको. हवा खोलीतून फिरून जाऊ द्या. बाळाला सुती झबलं पुरे, टोपी-मोजे-दुपटं सगळं काढा. पावडर लावू नका, श्वासात जाते. कोमट पाण्यानं पुसून मान कोरडी ठेवा, घामोळ्या तेवढ्यानं बसतात.

वायरमन_भाऊ
दादा, कूलर उचला अन् सपरीकडच्या खिडकीत बाहेरून बसवा, तोंड आत. समोरचं दार किंवा दुसरी खिडकी एक-दोन वीत उघडी ठेवा, जाळी ठोका, डास येणार नाही. बाळाची बाज झोतातून बाजूला. अजून एक, हे सगळ्यांसाठी लिहितो. लोखंडी कूलरचं आर्थिंग तपासल्याशिवाय चालवू नका. ओल्या हातानं, उघड्या पायानं, चालू कूलरमध्ये पानी भरता भरता दर उन्हाळ्यात लोक जातात. प्लग काढूनच पानी भरा, बटण बंद करून भागत नाही. मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला का लाइन आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या, एका जिवापुढं त्याची किंमत काहीच नाही. अन् लाइन गेली तं खिडकीले ओलं बारदान टांगा, बाहेरची हवा त्यातून आली का तोच कूलर.

हवामानप्रेमी_नागपूर
खिडकी दिवसा सकाळी नऊनंतर मात्र बंदच ठेवा, कूलर चालू नसेल तेव्हा. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की उघडा. आणि मृग लागला, हवा दमट झाली की हाच कूलर उपयोगाचा राहणार नाही, तेव्हा नुसता पंखा बरा.

पुण्यातला_वऱ्हाडी
एसीचं मी उगाच बोललो, लहान बाळ आहे हे माहीत नव्हतं. दादा, बाळाचं कळवा.

आर्णीचा_कास्तकार (दुसऱ्या दिवशी, रात्री ९.४०)
आमच्या आशाताई कालच रात्री आल्या होत्या. कपडे काढून, सपरीत आणून अर्ध्या तासानं मोजलं तं ३७.१ निघालं, वजनही वाढलं हाय. दूध पेताना दमते म्हटलं म्हणून त्यांनी आज दवाखान्यात दाखवाले लावलं, डॉक्टर म्हणाले बाळ चांगलं हाय, गरमीनं बेजार झालं होतं. शेगडी बंद केली. माय रडली, म्हणे मी काय माझ्या नातवाचं वाईट करीन का. मी म्हटलं नाही माय, घर बदललं. मग आशाताईनं तिले बाजूले घेऊन समजावलं, माझ्यानं तं झालं नसतं. कूलर सपरीकडून बसवला, आर्थिंगची तार तुटलेलीच होती वायरमन भाऊ, तुम्ही म्हटलं नसतं तं पाह्यलंच नसतं. पोरगं संध्याकाळी सातपासून झोपलं हाय, दोनदा उठून दूध पेलं. बायकोनं आज डोकं दुखते म्हटलं नाही. चुना उद्या सकाळी, ऊन व्हायच्या आधी.

दर्यापूर_खारपाण
फार बरं वाटलं भाऊ. आता माझं सांगा कोनी, खाऱ्या पान्याले वाळ्याची ताटी टिकते का साधं गवतच बरं?

आर्णीचा_कास्तकार
दोन दिवस द्या भाऊ, आमच्या इकडच्या कूलरवाल्याले विचारून सांगतो. आता मीही झोपतो.