लॅव्हेंडरच्या शेतातली सहल : तुमचे अनुभव

धाग्याचं निमित्त माझी आई. गेल्या जुलैत आईबाबा आमच्याकडे इंग्लंडला आले होते, तेव्हा हर्टफर्डशायरमधल्या हिचिन लॅव्हेंडरला गेलो. तिथे कात्री आणि पिशवी घेऊन आपली फुलं आपणच कापायची. मुलं सऱ्यांमधून धावत सुटली. आई मात्र पहिल्याच रोपाशी बसली, मंजिरी चुरडतो तसा एक तुरा तळहातावर चुरडला आणि म्हणाली, "ही तुळशीच्या गोतातली दिसते गं." घरी येऊन बघितलं तर खरंच, दोन्ही एकाच कुळातल्या! गुडघ्यांमुळे तिला न्यावं की नको, असं वाटत होतं. ती तासभर तिथून हलायला तयार नव्हती. वाळलेली फुलं रुमालात बांधून तिने माझ्या साड्यांत ठेवलीत. अजून वास आहे.

घरच्यांना घेऊन अशा शेतात गेला असाल तर नक्की लिहा. कुठे, कधी, म्हातारी माणसं कशी रमली, सगळं.

*

तुळशीचं वाचून छान वाटलं. आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन जपानमध्ये होक्काइदोत, फार्म तोमिताला गेलो होतो. सासरे सांगलीकडचे द्राक्षबागायतदार. त्यांना रंगापेक्षा तिथली गोष्ट भिडली. कृत्रिम सुगंध आणि स्वस्त आयात तेल आल्यावर आसपासच्या शेतकऱ्यांनी लॅव्हेंडर मोडलं, तोमितांनी मात्र राखलं. मग १९७६ साली रेल्वेच्या कॅलेंडरवर त्या शेताचा फोटो आला आणि लोक बघायला येऊ लागले. नातीने हे वाचून दाखवल्यावर बाबा बराच वेळ बांधावर उभे होते. "बाग तोडताना काय होतं, ते मला विचार," एवढंच म्हणाले.

*

सिएटलकरांनो, सेक्विमला जा. उच्चार 'स्क्विम'. ऑलिंपिक पर्वताच्या पर्जन्यछायेतला पट्टा, वर्षाला जेमतेम ४० सेंमी पाऊस, म्हणून लॅव्हेंडर मानवतं. मधमाश्या खूप असतात. आमचा चार वर्षांचा लेक आधी कडेवरून उतरेना. हात झटकायचे नाहीत, एवढं समजावलं आणि मग तोच सरीत बसून त्या मोजायला लागला.

*

आमची चूक सांगते. फ्रान्समध्ये, प्रोव्हान्समधल्या वालाँसोलला जुलैअखेर पोचलो, तर कापणी उरकलेली! नुसते करडे गड्डे. मुलींचे चेहरे बघवेनात. मुक्कामाच्या घरमालकिणीने सो गावाकडे पाठवलं. ते उंचावर आहे, फुलोरा उशिरा येतो. तिथे मिळालं. वालाँसोलला जायचं तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच जा.

*

जम्मूतलं भद्रवाहही बघा. मक्याच्या जागी तिथल्या शेतकऱ्यांनी लॅव्हेंडर लावलंय, सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेतून. आम्ही जूनअखेर गेलो. भट्टीत वाफेवर फुलं शिजत होती आणि काचेच्या नळीत पाण्यावर पिवळसर तेलाचा बोटभर थर चढत होता. शेतकऱ्याच्या बायकोने लेकीच्या मनगटाला एक थेंब लावला. रात्री ती हात नाकाशी धरूनच झोपली.