आईचं पोटाचं ऑपरेशन झालंय, परवा घरी आणतोय. बसा-झोपायची सोय कशी करावी?

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

आईचं (वय 66) मंगळवारी हर्नियाचं ऑपरेशन झालं. वीसेक वर्षांपूर्वी गर्भाशय काढलं होतं, त्याच जुन्या टाक्यांच्या जागी फुगवटा आला होता. दुर्बिणीतून होईल असं आधी वाटलेलं, पण शेवटी पोट उघडूनच जाळी बसवावी लागली. बेंबीखाली उभा छेद आहे, स्टेपलर मारलेत, आणि उजव्या बाजूला ड्रेनची नळी (जखमेतलं पाणी बाहेरच्या पिशवीत काढणारी). ती नळी बहुतेक घरीही सोबत येणार. घरी काय काळजी घ्यायची म्हणून विचारलं तर "आराम करू द्या, वजन उचलू देऊ नका" एवढंच उत्तर मिळालं. आराम कशावर करायचा आणि कसा, हे कोणी सांगेना.

घर सांगलीतलं, जुनं. मी पुण्याहून आलेय, दोन आठवडे इथूनच काम करणार. नंतर बाबा (72) आणि वहिनी बघतील. अडचणी अशा:

आईचा दिवाण. टेप लावून मोजला. लाकूड 11 इंच, वर कापसाची गादी, ती मधोमध इतकी बसलीय की आई झोपली की खोबणीत पडल्यासारखी दिसते. हॉस्पिटलात हँडल फिरवून डोक्याकडची बाजू उचलता येते, तरी उठताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं. इथे काय होईल? तशी डोक्याकडून उचलता येणारी फाउलर कॉट भाड्याने आणू का? बाबा म्हणतात घराचा दवाखाना नको. आईचंही तेच.

दिवाणाची डावी बाजू भिंतीला आहे. म्हणजे उतरायचं तर उजवीकडूनच, आणि नळी नेमकी उजवीकडे.

बसायला घरात काय आहे? बाबांची कापडी आरामखुर्ची, हॉलमधला खोल सोफा, दोन-चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि झोपाळा. आईचा सगळा दिवस झोपाळ्यावर जातो. भाजी निवडणं, फोन, पेपर, सगळं तिथेच. आत्तापासूनच विचारतेय, "झोपाळ्यावर बसलेलं चालेल ना गं?" मला काय उत्तर द्यावं कळत नाही.

संडास भारतीय पद्धतीचा. त्यासाठी कमोड खुर्ची आणायची हे ठरलंय, तेवढं एक सुटलंय.

कोणी घरी असं सगळं केलं असेल तर सांगा. पैशांचा प्रश्न नाही, पण उगाच सामान आणून घर भरायचं नाही.

प्रतिसाद

माझं अपेंडिक्स फुटलं होतं आणि पोट उघडून धुवावं लागलं होतं. त्या अनुभवावरून सांगतो. पडून राहणं अवघड नसतं, अवघड असतं ते उठणं. त्यामुळे गादी किती मऊ हे बघत बसू नका. प्रत्येक जागेबद्दल एकच विचारा: इथून उठताना पोटावर जोर येईल का? आरामखुर्ची आणि सोफा लगेच बाद होतील. मी तिसऱ्या दिवशी हौसेने आरामखुर्चीत बसलो होतो. बसलो छान. दोघांनी काखेत हात घालून बाहेर काढलं तेव्हा आजूबाजूच्या बिऱ्हाडांना ऐकू गेलं असेल.

आणि एक. आईंची खोली स्वयंपाकघराला लागून असेल तर मिरचीची फोडणी काही दिवस बंद. ठसका लागला की ब्रह्मांड आठवतं. एक लहान, घट्ट उशी कायम हाताशी ठेवा. खोकला-शिंक येतेय असं वाटलं की ती पोटावर दोन्ही हातांनी दाबून धरायची. हसतानासुद्धा. विनोदी भावांना भेटायला येऊ देऊ नका.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आईंना पाहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या सर्जनचा शब्द शेवटचा.

उंची आधी. आईंना साध्या खुर्चीत बसवून गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या बसल्यावर गादी दबूनसुद्धा तेवढी, किंवा दोन-तीन इंच जास्त उंची राहिली पाहिजे. फार उंचही नको. ठेंगण्या बाईला 22 इंची पलंग दिला तर पाय लोंबकळतात आणि उतरताना घसरायला होतं. पायांखाली सुट्या विटा लावू नका, हलतात. सुताराकडून खाच पाडलेले ठोकळे करून घ्या. कापसाची गादी काढा, काथ्याची टाका. कारण उठताना कोपर टेकून जोर द्यायचा असतो, आणि मऊ गादीत कोपर रुततं.

आता उठायची पद्धत. हॉस्पिटलातच दोनदा करून घ्या, घरी पहिल्यांदा नको. उताणं असताना एकेक करून गुडघे दुमडायचे. मग खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम, ओंडका लोळवावा तसं कुशीवर व्हायचं, मधे पीळ पडू द्यायचा नाही. पाय काठावरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून बसतं व्हायचं. श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. काठावर मिनिटभर बसून मगच उभं राहायचं. झोपताना हेच उलट्या क्रमाने. नळी उजवीकडे आहे, तेव्हा डाव्या कुशीवरून उतरणं सोयीचं. दिवाण फिरवा. पिशवी मात्र आधी हातात घ्यायची आणि मगच वळायचं, नाहीतर नळी ओढली जाते.

पलंगाला दोरी किंवा ओढणी बांधून तिला धरून उठवण्याची आयडिया कोणीतरी देईलच. सरळ वर उठलं की ताण पोटावर येतो, दोरी असली तरी. नको.

झोपताना पाठ 30 ते 45 अंश वर आणि गुडघे किंचित वाकलेले असले की पोटाची कातडी आणि स्नायू सैल राहतात. त्यासाठी फाउलर कॉटच हवी असं नाही. गुडघ्याखालची उशी मात्र रात्रभर तशीच ठेवून पाय निश्चल ठेवू नका, पोटऱ्यांत रक्त साकळण्याची भीती असते. जागेपणी दर तासाला घोटे वर-खाली करायला लावा आणि दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात चालवा. पोटाचा पट्टा झोपताना काढायचा की ठेवायचा हे सर्जनना विचारून कागदावर लिहून घ्या.

झोपाळा नाही. उठताना बूड मागे सरकतं, तोल सावरायला पोट आपोआप आवळलं जातं.

प्रतिसाद

प्लास्टिकच्या दोन हातांच्या खुर्च्या एकात एक घाला. उंची थोडी वाढते, पाय फाकत नाहीत. आमच्या सासूबाई त्यावर महिना काढून गेल्या. कमोड खुर्ची विकत घेऊ नका, बऱ्याच गावांत एखादी संस्था किंवा गणपती मंडळ अनामत ठेवून देतं.

प्रतिसाद

माझी गर्भपिशवी काढली होती, तेव्हाचं सांगते. परकराची नाडी बरोब्बर टाक्यांवर येते, त्यामुळे साडी काही दिवस विसरा. पुढून बटणांचे सैल गाऊन दोन-तीन आणून ठेवा. मच्छरदाणी गादीखाली खोचू नका, ती काढायला वाकून ओढावं लागतं. पाणी, चष्मा, मोबाईल, गोळ्या सगळं हात लांब न करता मिळेल असं, पलंगाच्या उंचीच्या स्टुलावर. आणि इसबगोल वगैरे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. वेदनेच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि कुंथणं म्हणजे पुन्हा टाक्यांवरच जोर.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. एक पेच. दिवाण न हलवता उशी दुसऱ्या टोकाला ठेवली की डावी बाजू मोकळी होते, हे मला सुचलं आणि मी स्वतःवर खूश झाले. आई म्हणाली, उत्तरेला डोकं करून मी झोपणार नाही. आत्ता तर मुळीच नाही.

प्रतिसाद

ऑपरेशन झालेल्या माणसाशी दिशांवरून वाद घालू नका. दिवाण सरकवा.

धागाकर्ती (घरी आणल्यानंतर सहा दिवसांनी)

सरकवला. समोरच्या भिंतीला लावला, डोकं दक्षिणेलाच. आईच्या गुडघ्याची उंची साडेपंधरा इंच भरली. कोपऱ्यावरच्या सुताराने चार इंचांचे ठोकळे करून दिले, दादाच्या खोलीतली काथ्याची गादी टाकली, आता बसल्यावर अठराच्या आसपास राहते. फाउलर कॉट आणली नाही. बाबांनी त्यांच्या लहानपणची युक्ती काढली: लाकडी खुर्ची दिवाणावर उशाकडे पालथी घातली, म्हणजे तिची पाठ उतरती होते, आणि तिच्यावर गोधडी आणि दोन उशा. खुर्ची पहिल्या रात्री खाली सरकली, म्हणून पाय भिंतीला टेकवून उशाच्या पट्टीला सुतळीने बांधली. आता हलत नाही. स्टीलचा बॅकरेस्ट मिळतो हे नंतर कळलं, ज्यांना खटाटोप नको त्यांनी तोच घ्यावा.

कुशीवरून उठायचं हॉस्पिटलात शिकवलं म्हणून बरं. पहिल्या दिवशी तिला पटेना, "सरळ उठले तर पटकन होईल." एकदा सरळ उठून बघितलं आणि मग गुमान कुशीवर.

आमची चूक: रात्री हाक मारायला घंटा दिली होती, देवघरातली. ती वाजवायची तिला लाज वाटते, सगळे जागे होतील म्हणून. तीन वाजता एकटीच उठून बाथरूमपर्यंत गेली, नळीची पिशवी हातात घेऊन. आता मीच जमिनीवर गादी घालून शेजारी झोपते, आणि भिंतीला एक छोटा दिवा रात्रभर चालू असतो.

जखमेतून अचानक गुलाबी पाणी यायला लागलं, ताप आला, उलट्या सुरू झाल्या किंवा एकाच पोटरीला सूज आली तर वाट न बघता यायचं, असं सर्जनने पुन्हा विचारल्यावर सांगितलं. इथे लिहून ठेवते, कोणाला उपयोगी पडेल. अजून तसं काही नाही. नळी काल निघाली, स्टेपल पुढच्या आठवड्यात काढतील.

झोपाळ्याची फळी बाबांनी उतरवून माळ्यावर टाकली. कड्या तशाच लोंबतायत. खाली एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्यात, त्यात बसून आई मेथी निवडते.

आता अंघोळीचं स्टूल कोणतं घ्यावं ते सांगा. आमच्या न्हाणीघराला उतार आहे आणि फरशी शहाबादी, ओली झाली की निसरडी होते.