कंपनीने सर्व्हर बंद केला की विकलेला गेमही का मरावा?

घोडबंदरी (धागाकर्ता)

एकट्याने खेळायच्या गेमला सतत इंटरनेट कशाला लागतं, याचं सरळ उत्तर मी अजून एकाही प्रकाशकाकडून ऐकलेलं नाही. म्हणून हा धागा.

निमित्त तसं क्षुल्लक आहे. आमच्या घोडबंदर रोडला खोदकामात फायबर तुटणं ही आता बातमी राहिलेली नाही. परवा तेच झालं, ऐन शनिवारी नेट गुल. म्हटलं हरकत नाही, साडेतीन हजार मोजून घेतलेला कथेचा गेम पडून आहे, त्याला दुसरा माणूस लागत नाही, तोच काढू. स्टोअरमध्ये 'प्ले' दाबलं. त्यातून प्रकाशकाचा वेगळा लाँचर, म्हणजे गेम चालू करून देणारा प्रोग्राम, उघडला. तो म्हणाला, लॉगिनची मुदत संपली. फोनचा हॉटस्पॉट दिला, तर लॉगिनच्या आधी लाँचरला स्वतःचं अपडेट हवं. ते रखडत रखडत झालं, मग ओटीपी आला, तोवर पान एक्सपायर. आमच्याच इमारतीतल्या एका पोराने हाच गेम टॉरंटवरून चोरून उतरवलाय. त्याला यातलं काहीच माहीत नाही. तो डबल क्लिक करतो आणि खेळतो.

माझं काय, नेट आलं की गेम आला. 'द क्रू' घेतलेल्यांचं तसं झालं नाही. युबिसॉफ्ट या कंपनीचा हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. अख्खी अमेरिका एकट्याने फिरता येईल असा, पण सर्व्हरशी जोडल्याशिवाय सुरूच न होणारा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि पाठोपाठ लोकांच्या खात्यातला परवानाही काढून घेतला. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. युरोपीय संघाकडे केलेल्या अर्जावर जवळपास १३ लाख सह्या वैध ठरल्या, लागत होत्या १० लाख. सर्व्हर जन्मभर चालवा असं कोणी म्हणत नाहीये. बंद करताना गेम चालेल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच.

माझं म्हणणं, इथे रुपयांत गेम विकणाऱ्यालाही हेच बंधन हवं. कोणाला पटत नसेल तर या मैदानात.

सेमीकोलन

मी ऐरोलीत गेमसाठीच कोड लिहितो. दुसरी बाजू कोणीतरी मांडायलाच हवी. शिव्या खायची तयारी आहे.

आधी डीआरएम, म्हणजे गेमची चोरटी नक्कल रोखणारं कुलूप. ते खेळाडूला छळायला बसवलेलं नसतं. मोठ्या गेमची बरीचशी कमाई पहिल्या काही आठवड्यांत होते. २०२४ साली डेनुवो नावाचं असं कुलूप लावलेल्या गेमांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गेम पहिल्याच आठवड्यात क्रॅक झाला, म्हणजे कुलूप तुटलं, तर एकूण उत्पन्नात सरासरी २० टक्के घट, असा त्याचा निष्कर्ष. वीस टक्के म्हणजे पुढच्या गेमची टीम राहते की जाते एवढा फरक. तुमच्या इमारतीतल्या त्या पोराचं तुम्ही जे कौतुक केलंत, त्याच्यामुळेच तुमच्या कपाळी लाँचर आलाय.

आता सर्व्हर. 'बंद करताना चालू ठेवून जा' हे बोलायला सोपं आहे. ऑनलाइन गेमचा अर्धा मेंदू सर्व्हरवर असतो: गाडी कुठे आहे, पैसे किती, मिशन पूर्ण झालं की नाही. त्यात तीन-चार बाहेरच्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर असतं, ते आम्ही भाड्याने घेतलेलं. ते लोकांना वाटून टाकायचा अधिकार आम्हालाच नसतो. गाड्यांच्या ब्रँडचे आणि गाण्यांचे करार असतात, तेही संपतात. दहा वर्षं जुना कोड उघडून ऑफलाइन करायला माणसं बसवायची, त्यांचा पगार कोण देणार? तो गेम तेव्हा कोणी विकतही घेत नसतो.

आणि बाजार अगदीच निर्दय नाही. सोनीचा 'कॉनकॉर्ड' ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला. घेणाऱ्यांना पूर्ण पैसे परत मिळाले.

नेरुळ_ईस्ट

आमच्याकडे पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, हार्बरला सकाळी पाय ठेवायला जागा नाही, आणि इथे चर्चा कशाची तर गेमच्या हक्काची. चालू द्या.

घोडबंदरी

नेरुळकर, पाण्याचा धागा काढा, तिथेही येतो.

सेमीकोलन, ज्या अभ्यासाचा हवाला देताय तो पूर्ण सांगा ना. त्यातच असंही आहे की कुलूप पहिले १२ आठवडे टिकलं, तर नंतर क्रॅक होऊन उत्पन्नावर जवळजवळ परिणाम होत नाही. मग तेराव्या आठवड्यात कुलूप काढायला हात का जड होतो? 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज' हा गेम २०२१ मध्ये आला तेव्हा पैसे देऊन घेतलेली प्रत मारामारीत अडखळत होती आणि क्रॅक केलेली गुळगुळीत चालत होती. तज्ज्ञांनी मोजून दाखवल्यावर प्रकाशक कॅपकॉमने दुरुस्तीचा पॅच काढला. डेनुवो मात्र २०२३ पर्यंत तसंच होतं. म्हणजे तुमच्याच हिशोबाने गरज संपल्यावर दीडेक वर्ष ओझं आमच्या प्रोसेसरवर.

कॉनकॉर्डला पैसे परत दिले कारण दोनच आठवडे झाले होते आणि जगभर हसं झालं होतं. दहा वर्षांनी कोण देतो?

जुनाजाणता

पोरांनो, तुम्ही स्टीमच्या, म्हणजे ऑनलाइन गेम-दुकानाच्या जमान्यातले. आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणायचो आणि ठाणे स्टेशनबाहेरच्या फूटपाथवरून पण आणायचो, खोटं कशाला बोला. पारदर्शक पाकीट, आत रंगीत झेरॉक्सचं कव्हर. सीडी टाकली की सेटअप चालवायचा, मग 'क्रॅक' नावाच्या फोल्डरमधली एक्झी, म्हणजे गेम चालू करणारी फाइल, उचलून गेमच्या फोल्डरमध्ये चिकटवायची. 'रिप्लेस करू का?' विचारलं की 'यस'. पन्नास मुलांना मीच शिकवलं असेल.

नोकरी लागल्यावर मानाने ओरिजिनल घ्यायला लागलो. अजून कपाटात खोके आहेत, मॅन्युअलच्या मागे चिकटवलेल्या सीडी-कीसकट. त्यातले कित्येक आज चालत नाहीत, कारण सेफडिस्क नावाचं कुलूप विंडोजच्या आतल्या एका ड्रायव्हरवर अवलंबून होतं आणि विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हरच ठेवला नाही. त्यात सुरक्षेचं भोक होतं, त्यामुळे त्यांचंही चूक म्हणवत नाही. पण परिणाम बघा. माझी ओरिजिनल सीडी बाद, आणि फूटपाथची ती एक्झी आजही चालते.

कुलूप घट्ट केल्याने चोर कमी होतात म्हणणाऱ्यांनी 'स्पोअर' हा गेम आठवावा. २००८ साल. तीनच संगणकांवर चालू करता येईल अशी अट घातली, लोक भडकले आणि त्या वर्षी टॉरंटवर सगळ्यात जास्त उतरवलेल्या गेमांत तो गेला. उलट 'विचर ३' २०१५ मध्ये पहिल्या दिवसापासून जीओजी या ऑनलाइन दुकानात कुलपाविना मिळत होता. विकला गेला ५ कोटींच्या वर.

सेमीकोलन

काका, 'विचर ३' हे उदाहरण प्रत्येक धाग्यात येतं, कारण तेवढंच आहे. सगळ्यांचा गेम 'विचर' नसतो. आणि पन्नास पोरांना एक्झी चिकटवायला शिकवल्याचं अभिमानाने सांगताय, मग प्रकाशकाने भारतात विश्वास कोणावर ठेवायचा?

जुनाजाणता

अभिमानाने नाही, तेव्हा पर्याय नव्हता म्हणून. स्टीमवर रुपयांत किंमत यायला २०१५ उजाडलं. त्याआधी डॉलरची किंमत बघून आणि कार्ड नाकारलं गेलं की गप्प बसायचो.

पामबीच_रायडर

मी उलट बाजूचा. गोळीबाराचे ऑनलाइन गेम, म्हणजे शूटर खेळतो, रँक चढवतो. गेल्या वर्षी 'बॅटलफिल्ड ६' ने सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) सक्तीचं केलं तेव्हा सगळे रडत होते. मी बायोसमध्ये जाऊन पाच मिनिटांत चालू केलं. भिंतीपलीकडून गोळी मारणारे चीटर कमी होणार असतील तर माझ्या पीसीच्या मुळाशी बसू दे अँटी-चीटला, म्हणजे चीटर पकडणाऱ्या प्रोग्रामला. खासगीपणाचं भाषण देणारे सगळे ॲप्सना काँटॅक्टची परवानगी देऊन बसलेत.

घोडबंदरी

रायडर, स्पर्धेच्या गेमला अँटी-चीट हवंच, त्यावर भांडण नाही. वाद एकट्याने खेळायच्या गेमचा आहे. तिथे मी कोणाला फसवणार, स्वतःला?

काळा_कोट

ठाणे कोर्टात वकिली करतो, गेमचा गंध नाही. पण इथे कायद्याचा अंदाजपंचे उल्लेख होण्याआधी चार गोष्टी सांगून ठेवतो.

एक तर त्या क्रॅकचं इथे जाहीर कौतुक करू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्याला ६३ब वेगळं आहे. फायद्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच.

दुसरं, 'आम्ही वस्तू विकलीच नाही, परवाना दिला' हा बचाव तितका अभेद्य नाही. २००४ मध्ये टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर ही 'वस्तू' मानली. प्रकरण विक्रीकराचं आणि सीडीवरच्या सॉफ्टवेअरचं होतं, डाउनलोडला ते जसंच्या तसं लागेल असं मी म्हणणार नाही. पण वस्तू नाही म्हणून सेवा धरली, तरी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सेवेतल्या त्रुटीलाही लागू आहेच.

आणि हे सगळं ऐकून मला आपल्या ठाण्यातल्या सोसायट्या आठवल्या. बिल्डर फ्लॅट विकतो, पैसे घेतो, जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, मात्र वर्षानुवर्षं देत नाही. शेवटी २००८ मध्ये फ्लॅटविक्रीच्या मोफा कायद्यात दुरुस्ती झाली आणि मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स आलं. बिल्डर येवो न येवो, सक्षम प्राधिकाऱ्याकडून सोसायटी ते करून घेते. प्रकाशक सर्व्हर सोडून निघून गेला तर त्याच्या सहीवाचून गेम चालवायचा हक्क खेळणाऱ्यांना मिळावा, अशी तरतूद करणं कायद्याला काही अवघड नाही.

सेमीकोलन

वकीलसाहेब, उदाहरण झकास आहे पण जमीन जागेवर असते. बिल्डर पळाला तरी सातबारा तलाठ्याकडे राहतो. सर्व्हरचा कोड आमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कंपनीच्या कोडसाठ्यात असतो, आणि स्टुडिओ दिवाळखोर झाला की ती कोणाकडे जाईल हे आम्हालाही ठाऊक नसतं. डीम्ड करणार काय?

शिवाय जो नियम युबिसॉफ्टसाठी कराल तोच वाशीत दोन खोल्यांत गेम बनवणाऱ्या पाच पोरांनाही लागेल. मोठ्याकडे वकिलांची फौज असते. ही पोरं ऑनलाइन भाग बनवायचंच सोडून देतील.

घोडबंदरी

नियम पुढच्या गेमांना लावा. पहिल्या दिवसापासून माहीत असेल की जाताना ऑफलाइन करून द्यायचंय, तर तशीच बांधणी होईल. जमत नाही म्हणू नका. युबिसॉफ्टनेच ओरडा झाल्यावर 'द क्रू २' ला २०२५ मध्ये ऑफलाइन मोड दिला. 'सिमसिटी' या गेमचं २०१३ मध्ये काय झालं? सतत ऑनलाइन असल्याशिवाय शक्यच नाही म्हणून सांगितलं, उद्घाटनालाच सर्व्हर झोपले, आणि वर्षभराने ऑफलाइन मोड आलाच की.

पाच पोरांचा मुद्दा मात्र मान्य. उलाढालीची मर्यादा घाला, त्याखालच्यांना सूट.

सेमीकोलन

उलाढालीची मर्यादा आणि फक्त नवे गेम, एवढ्यावर मी भांडणार नाही. आणि बारा आठवड्यांनंतर डेनुवो काढायला माझीही ना नाही. डेनुवो वापरणं फुकट नसतं, हे आमच्या वरच्यांनाच समजत नाही. पण जुन्या गेमांना मागून कायदा लावलात तर विरोध कायम.

तलावपाळी_काकू

मी खेळत नाही, मुलगा खेळतो. वर्षानुवर्षं ग्राहक पंचायतीच्या संघात आहे, महिन्याचं सामान अजून तिथूनच येतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये उभी राहिली ती चांगला माल रास्त भावात मिळावा म्हणून लोकांनी एकत्र खरेदी करायची, या विचारावर. नको असेल ते घ्यायचं नाही, हेही त्यातच आलं.

आणि तुम्ही काय करता? इथे प्रकाशकाला चार शिव्या घालायच्या आणि पुढचा भाग जाहीर झाला की तीन महिने आधी पैसे भरून ठेवायचे. आमच्याकडे तेच चालतं. मी विचारलं, अरे बघितल्याशिवाय कशाला घेतोस? तर म्हणे वेगळ्या रंगाची तलवार मिळते.

त्याच्यामुळेच कळलं की स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात. घोडबंदरी, तुम्ही तेवढं तरी केलंत का? आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीत का? मराठीत बोलता येतं.

घोडबंदरी

काकू, आगाऊ खरेदीबद्दल बोललात ते लागलं, पण बरोबर आहे. परताव्याची मुदत कधीच गेली, गेम अर्धा खेळून झालाय. १९१५ चं डोक्यातच नव्हतं. आज नोंदवतो.

काळा_कोट साहेब, हेल्पलाइनने काही झालं नाही तर ठाण्याच्या ग्राहक आयोगात जाता येईल का? कंपनी परदेशी आहे.

काळा_कोट

येईल. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. २०२० चे ई-कॉमर्स नियम इथल्या ग्राहकांना पद्धतशीर विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. फक्त 'करारच अन्यायकारक आहे' अशी मांडणी करू नका, ते प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढंच धरा. गेमच्या पानावर सतत इंटरनेट लागेल असं लिहिलेलं होतं का, त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, उद्या बदलतील. लॉगिनची मुदत संपल्याचा जो संदेश आला त्याचाही. आणि बिल काढून बघा, त्यावर विक्रेता म्हणून स्टोअरचं नाव आहे की प्रकाशकाचं?

घोडबंदरी

स्टोअरचं.

काळा_कोट

मग सामनेवाले क्रमांक १ स्टोअर, क्रमांक २ प्रकाशक. दोघांना आधी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन. मसुदा इथेच टाका, बघून देतो.

नेरुळ_ईस्ट

पाण्याचा धागा काढलाय. वकीलसाहेब, तिकडेही या.